बातमी कोणी आणली?

तळोद्यात मी अर्धं आयुष्य दोन कामं जोडीने केली. पहाटे वर्तमानपत्रांची एजन्सी, दिवसा त्यातल्याच एका वर्तमानपत्राची वार्ताहरकी. तालुक्याच्या गावी ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे असत, कारण नुसत्या वार्ताहरकीच्या मानधनात महिन्याचा चहासुद्धा भागत नसे. मराठी पेपरांचे गठ्ठे धुळे-जळगावकडून प्रकाशाचा पूल ओलांडून यायचे. सुरतेचे गुजराती पेपर तापी व्हॅली रेल्वेने नंदुरबारला उतरायचे आणि तिथून आमच्याकडे. मोलगी-धडगावला आजचा पेपर पोचेपर्यंत दुपार व्हायची, पावसाळ्यात उद्याही.

बातमी उलट्या वाटेने जायची. खाकी पाकीट, वर लाल शाईने ‘तातडीची बातमी’, आणि ते संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात. धुळ्याच्या स्थानकावर कार्यालयातला पोरगा ते उतरवून घेई. फोटोचा रोलही तसाच जाई. कधी पोरगा उशिरा पोचला तर पाकीट पुढच्या गावची हवा खाऊन परत यायचं. त्यामुळे आम्हा वार्ताहरांना बातमीपेक्षा पाकिटाची काळजी जास्त असे. छापून यायला दोन दिवस लागत. वर ‘आमच्या वार्ताहराकडून’ एवढंच असे, नाव नसे, पण तो वार्ताहर कोण, कुठे बसतो आणि चहा कुठे पितो हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. ज्याला बातमी झोंबली तो सकाळी सकाळी पेपर हातात घेऊन स्टॉलवर हजर व्हायचा. कोणी शिव्या देई, कोणी कागद काढून दाखवी. धमकी देणाराही शेवटी उसन्या पेपरातलं राशिभविष्य वाचूनच जायचा.

अफवाही तेव्हा होत्याच. पुलाच्या पायात लहान मूल पुरल्याशिवाय पूल उभा राहत नाही, ही आमच्या भागातली जुनी अफवा. कुठेही पुलाचं काम निघालं की ती हटकून उठायची. एकदा बाजाराच्या दिवशी एक तरुण स्टॉलवर मोठमोठ्याने सांगू लागला की अमुक पाड्यावरून दोन पोरं उचलली. तिथेच एका गावचे पोलीस पाटील पेपर चाळत उभे होते. त्यांनी चष्मा वर केला आणि अहिराणीत एवढंच विचारलं, “भाऊ, तुले हाई कोनी सांगं?” पोराने नाव घेतलं. तो माणूस बाजारातच बोंबील विकत बसला होता. त्याने आपल्या मेव्हण्याचं नाव सांगितलं, मेव्हण्याने एका ट्रकच्या क्लीनरचं. क्लीनर रसवंतीवर सापडला. त्याने कोणाच्या तरी खांद्यावर पोतं पाहिलं होतं. पोत्यात काय होतं ते पाहिलं नव्हतं. बाजार उठायच्या आत अफवा उठून गेली. पाटलांनी काही मोठी चौकशी केली नव्हती. प्रत्येक सांगणाऱ्याला नाव होतं आणि तो हाकेच्या अंतरावर होता, एवढ्यावर काम झालं.

नंदुरबार जिल्ह्याच्या, म्हणजे जुन्या पश्चिम खानदेशातल्या या भागाच्या, इतिहासात तोंडोतोंडी पसरलेल्या निरोपांनी मोठमोठी कामं केली आहेत. त्यातला सगळ्यात विलक्षण निरोप 1922 सालचा. मुंबईच्या उत्तरेला किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून सलाबाई नावाची ‘देवी’ निघाली, घाट चढली, डांगातून सुरत जिल्ह्यातल्या आदिवासी गावांत पोचली आणि आमच्या पश्चिम खानदेशच्या पट्ट्यातही आली. मांडवात लोक जमत, कोणाच्या तरी अंगात देवी येई आणि हुकूम सुटत: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा, दारूचे पीठे चालवणाऱ्या पारशांचं काम करू नका. विहिरीत गांधीबाबा दिसतो अशीही बोलवा होती. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने जुनी सरकारी दप्तरं तपासून आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांना भेटून या चळवळीवर पुस्तक लिहिलं, ते 1987 साली आलं. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट ही की देवी एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवावी लागे. शेजारच्या गावची माणसं येऊन बसत, ऐकत, आणि मग आपल्या गावी मांडव घालत. आजच्या भाषेत हे फॉरवर्डच. फक्त ते करायला पायी चालावं लागे आणि पुढच्या गावात स्वतःच्या तोंडाने सांगावं लागे.

पण म्हणून तेव्हा सगळं गोड होतं असं कोणी समजू नये. देवीने समाज सुधारला आणि फोडलाही. सीमेपलीकडे सुरत जिल्ह्यातल्या चौधरी आदिवासींत दोन तट पडले. दारू सोडलेले ते ‘वरजेला’ आणि पुन्हा जुन्या वळणावर गेलेले ते ‘सरजेला’. एकमेकांकडचं जेवण-पाणी, सोयरिकी तुटल्या. शंभर वर्षांपूर्वी, वीज नाही, छापखाना नाही, आणि तरी ध्रुवीकरण पुरेपूर! त्यामुळे मोबाइल आल्याने माणसं भांडू लागली असं कोणी म्हटलं की मी मान हलवत नाही.

पुढे तळोद्याजवळच्या मोरवडचे गुलाम महाराज आले. त्यांनी भिल्लांना एकमेकांना ‘आप’ म्हणायला शिकवलं, आरतीच्या मेळाव्यांना माणूस मावेना. 1938 साली ते गेले आणि त्यांचे बंधू रामदास महाराजांनी चळवळ पुढे नेली. हीही तोंडोतोंडीच. 9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबारात मिरवणुकीवर गोळीबार झाला, शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. ती कथा महाराष्ट्राला पाठ आहे, इथे पुन्हा सांगत नाही.

सत्तरच्या दशकात शहाद्याला जे झालं ते मात्र वेगळं. अंबरसिंग महाराजांनी आदिवासींच्या गेलेल्या जमिनींचा प्रश्न धरला, बाहेरून आलेले सुशिक्षित तरुण सोबतीला आले, 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली. एका बाजूला बागायतदारांच्या पीक संरक्षण सोसायट्या, दुसऱ्या बाजूला सालदार आणि मजूर. तेव्हाचे पेपर दोन्ही बाजूंचे नव्हते. ज्याच्या घरी पेपर येई त्याच्या बाजूचे होते, आणि मजुराच्या झोपडीत पेपर येत नसे. शेतातलं कणीस मोडणं ही ‘लूट’ म्हणून छापून यायची. सालदाराला वर्षाचं काय मिळतं ते छापायला कोणाला सवड नव्हती. पक्षपाती बातमी ही नव्या काळाची देणगी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी जुन्या फायली उघडाव्यात.

माझ्या डोळ्यांदेखत झालेली खरी फाटाफूट नर्मदेची. सरदार सरोवर धरणाच्या बुडितात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं येत होती, पहिलं मणिबेली. स्टॉलवर माझ्याकडे दोन्ही भाषांचे गठ्ठे सुटत. सुरतेचा पेपर उघडला की धरण म्हणजे गुजरातची जीवनरेखा आणि धरणाविरुद्ध लढणाऱ्या मेधा पाटकर म्हणजे विकासाच्या शत्रू. यावर तिथले बहुतेक पेपर एका सुरात. मराठी पेपरात मणिबेलीच्या म्हाताऱ्याचा फोटो, पाण्यात उभा राहण्याचा निर्धार. डिसेंबर 1990 मध्ये निघालेली धरणविरोधकांची संघर्ष यात्रा फेरकुव्याला गुजरातच्या हद्दीवर अडवली गेली. त्या दिवसांतले दोन पेपर शेजारी शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या देशांचे वाटावेत. तळोद्यात गुजराती व्यापारी सुरतेचा पेपर घेत, मास्तर मंडळी मराठी, आणि काही बिलंदर दोन्ही घेत. आता गंमत ऐका. दोन्ही वाचणारे मवाळ होतील असं मला वाटे. तसं घडलं नाही. ते दुसऱ्या बाजूचा पेपर फक्त राग पेटवून घ्यायला वाचत. 2018 साली अमेरिकेत ख्रिस्तोफर बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्विटरवरच्या लोकांना महिनाभर विरोधी पक्षाचे संदेश वाचायला लावले. विशेषतः रिपब्लिकन मंडळी त्याने आणखी कट्टर झाली. हे वाचलं तेव्हा मला माझे ते दोन्ही पेपर घेणारे गिऱ्हाईक आठवले.

नर्मदेच्या वादात आदिवासीच आदिवासीसमोर उभा राहिला. बुडितातल्या लोकांना तळोद्याच्या जंगलजमिनीवर वसवायचं ठरलं, आणि ती जमीन आधीपासून कसणारे इथले आदिवासी बिथरले. पण तेव्हा दोघेही एकाच बाजाराला येत. भांडण होई, डोकी फुटत, मग डाया, म्हणजे जाणती, माणसं बसत, दंड ठरे, कोंबडं कापलं जाई. शत्रूला चेहरा होता. तडजोडीला चेहरा लागतोच.

वर्तमानपत्रांचं वाटोळं मोबाइलने केलं असं आमचे व्यवसायबंधू सांगतात. अर्धवट खरं आहे. आमची पत जाहिरातीने आधीच पोखरली होती. वार्ताहराला पगार नाही, जाहिरातीवर कमिशन. मग पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी कोण काढणार? वार्ताहरच. ज्याने पानभर जाहिरात दिली त्याच्याविरुद्ध दुसऱ्या दिवशी बातमी कशी लिहिणार? 2009 च्या विधानसभा निवडणुकीत तर उमेदवारांच्या स्तुतीचे लेख बातम्या म्हणून पैसे घेऊन छापले गेले. तोच मजकूर, तीच वाक्यं, वेगवेगळ्या पेपरांत वेगवेगळ्या नावांनी. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते चव्हाट्यावर आणलं, प्रेस कौन्सिलने चौकशी केली. तालुक्याच्या वाचकाला मात्र साईनाथांची गरज नव्हती. तो स्टॉलवर उभा राहून सांगे, “हे पान विकलेलं आहे, हे नाही.” वाचकाचा विश्वास असा पानापानाने गेला. रिकाम्या झालेल्या जागेत 2007-08 पासून चोवीस तासांच्या मराठी वाहिन्या आल्या आणि सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं. ज्या पाड्यावर माझा पेपर कधीच गेला नव्हता, तिथे टेकडीवर चढून रेंज धरणारी पोरं दिसू लागली.

इथून पुढे कथा बदलते. बातमी वाचायला येण्याची अट सुटली. आवाजाचा संदेश भिलीत, पावरीत, अहिराणीत फिरू लागला. ही खरं तर मोठी चांगली गोष्ट. ज्या भाषांत एकही दैनिक निघालं नाही त्या भाषांना पहिल्यांदा सार्वजनिक तोंड मिळालं. पण त्या आवाजाचा धनी कोण हे कळायची सोय नव्हती. ओळखीच्या बोलीत बोलतो म्हणून तो आपला वाटे, आणि असायचा मात्र कोणीही.

1 जुलै 2018 ला नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा होऊन बरोबर वीस वर्षं झाली. त्याच रविवारी नवापूरला लागून असलेल्या साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवडे बाजार भरला होता. साक्री धुळे जिल्ह्यात असला तरी खासदार नंदुरबारचाच निवडतो. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक सोलापूरच्या मंगळवेढा भागातले, भिक्षा मागत तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे संदेश कित्येक दिवस मोबाइलवर घुमत होते. जमावाने त्या पाच जणांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जिवे मारलं. मारतानाचं चित्रण झालं आणि तेही फिरलं.

त्या काळात देशभर फिरलेली मुलं पळवण्याची एक चित्रफीत मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवली होती. शेवटचा खुलासा कापून तेवढा पळवण्याचा भाग पुढे ढकलला गेला. कराचीतला तो क्लीनर आमच्या पाटलांना कुठल्या रसवंतीवर सापडणार? डवरी गोसावी शेकडो वर्षं गावोगाव फिरतात. गाणी, भविष्य आणि गावोगावच्या हकिगती तेच घेऊन यायचे. बातमी आणणारी माणसंच बातमीने मारली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने देशातल्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या: संदेशाची खात्री करा, मग पुढे पाठवा. एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा भारतात घातली, फॉरवर्ड केलेल्या संदेशावर तशी खूण आली. वर्तमानपत्राचा धंदा बुडवणाऱ्याने सावधगिरीचा इशारा द्यायला शेवटी वर्तमानपत्रच गाठलं, याचं एजंट म्हणून मला हसू आलं. माणूस म्हणून नाही.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी त्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये ट्विटरवरच्या सव्वा लाखाहून अधिक बातम्यांचा अभ्यास छापला. खोटी बातमी खरीपेक्षा लांब आणि लवकर पोचते, आणि तसं यंत्रांमुळे कमी, माणसांमुळे जास्त होतं. आमच्या धंद्यात हे जुनंच ज्ञान. फरक एवढाच की आमच्या खोट्याला एसटीची वाट पाहावी लागे.

2021 मध्ये लसीकरणाच्या वेळी पुन्हा तेच. लस घेतली की माणूस मरतो, मूल होत नाही, असे आवाज पाड्यापाड्यांवर. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः साक्री तालुक्यातल्या सामोड्याच्या भिल्ल घरातले. त्यांनी उभारलेल्या ऑक्सिजन प्रकल्पांचं देशभर कौतुक झालं. पण लसीची भीती त्या कौतुकाने गेली नाही. ती कमी झाली आशाताईंनी, मास्तरांनी, पाटलांनी लोकांसमोर आपला दंड पुढे केल्यावर. खोटा निरोप बिननावाचा होता. खरा निरोप आठवडाभराने त्याच ओट्यावर जिवंत बसून लोकांना दिसत होता.

आता राजकारणाकडे येतो. नंदुरबारचं राजकारण पक्षांचं कधीच फारसं नव्हतं, घराण्यांचं आणि माणसांचं होतं. माणिकराव गावित 1981 च्या पोटनिवडणुकीपासून 2009 पर्यंत सलग नऊ वेळा काँग्रेसचे खासदार. 2014 ला त्यांना हरवणाऱ्या भाजपच्या हिना गावित यांचे वडील विजयकुमार गावित त्याआधी राष्ट्रवादीचे मंत्री. पुढारी पक्ष बदलतात, लग्नात एका पंगतीला बसतात. कार्यकर्ते मात्र ग्रुपवर एकमेकांचे बाप काढतात. 2024 च्या लोकसभेला इथे राज्यघटना हाच मुद्दा झाला. भाजप आघाडीच्या चारशे जागा आल्या की संविधान आणि आरक्षण जाणार, हे एका बाजूच्या फोनवर. दुसऱ्या बाजूच्या मते ते सगळं ‘फेक नॅरेटिव्ह’. मार्चमध्ये राहुल गांधींची यात्रा नंदुरबारमधूनच महाराष्ट्रात शिरली, मे महिन्यात नरेंद्र मोदींची सभा झाली. काँग्रेसचे गोवाल पाडवी दीड लाखाहून जास्त मतांनी आले. आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेला? जिल्ह्यातल्या चार जागांपैकी दोन भाजप, एक शिंदे यांची शिवसेना, काँग्रेसला फक्त नवापूर. हिना गावित तर अक्कलकुव्यात अपक्ष उभ्या होत्या. सहा महिन्यांत एवढं मत फिरवणारा मतदार कट्टर कसा म्हणायचा?

म्हणून माझं मत असं की आमच्याकडे फोनने मतं गोठवली नाहीत, शेजार गोठवला. याचं उदाहरण नवापूर तालुका. तिथे एकाच कुळातली काही घरं ख्रिस्ती, काही नाहीत. धर्म बदललेल्यांना अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा ही मागणी जुनी आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी ती काँग्रेसचे खासदार कार्तिक उरांव यांनी लावून धरली होती. पण इतकी वर्षं ती दिल्लीच्या कागदात होती. आता ती ‘डी-लिस्टिंग’ या नावाने रोज सकाळी फोनवर येते, आणि तिला उत्तर म्हणून तितकाच विखारी मजकूर दुसरीकडून येतो. नवापूरचा माझा एक जुना वार्ताहर मित्र सांगतो, भावाभावांचा ग्रुप होता, आता दोन झाले. वरजेला आणि सरजेला पुन्हा आले. शंभर वर्षांपूर्वीच्या तटांना निदान आपण काय सोडलं, काय धरलं ते स्वतःला ठाऊक होतं. या दोन ग्रुपांवर येणारा मजकूर नवापूरच्या कोणी लिहिलेलाच नसतो.

हल्ली तालुक्यातालुक्यात हातात बूम धरलेली यूट्यूबवाली पोरं आहेत. त्यांची टिंगल मी करत नाही. त्यातली काही आमच्यापेक्षा धीट आहेत आणि आमच्यासारखीच बिनपगारी. ज्याने कॅमेरा घेऊन दिला त्याची बातमी आधी, हा आमचा जुना रोग त्यांनाही जडला आहे. पण ती पोरं कॅमेऱ्यासमोर स्वतःचं तोंड दाखवतात, गावात राहतात, आणि चुकलं तर त्यांच्या दारात माणूस येऊ शकतो. बिननावाच्या फॉरवर्डपेक्षा मला ती शंभर वेळा चालतील.

तुमच्यापैकी जे कोणी ग्रुपचे ॲडमिन असतील त्यांना एक विनंती. ज्या संदेशात गावाचं नाव, तारीख आणि पाहणाऱ्याचं नाव नाही, तो ग्रुपवर ठेवू नका. टाकणाऱ्याला सगळ्यांसमोर विचारा, कोणी सांगितलं? आमच्या तळोद्याच्या भजनी मंडळाच्या ग्रुपने हा नियम केला आहे. संदेश निम्म्याहून कमी झाले, आणि अजून एकही सदस्य ग्रुप सोडून गेलेला नाही.